परंतु रामायण

1994 च्या एप्रिलमध्ये मी एका जिवंत माणसाला श्रद्धांजली वाहिली. एकट्याने नाही, साडेचारशे मुलं आणि सगळा शिक्षकवृंद सोबत घेऊन.

निमित्त मोरोपंतांचं होतं. पंत मूळचे पन्हाळ्याचे, जन्म 1729 चा. पण बारामतीकर नाइकांच्या आश्रयाला आले, कऱ्हेच्या काठी बिऱ्हाड केलं आणि 1794 साली इथेच गेले. त्याला दोनशे वर्षं होत होती म्हणून मी नोकरी करत होतो त्या शाळेत एक लहानसा कार्यक्रम ठरला आणि मराठी शिकवतो एवढ्या एका गुन्ह्याखातर सूत्रसंचालन माझ्या गळ्यात पडलं. पाहुणे म्हणून सहकारातले एक वयोवृद्ध गृहस्थ आले होते. सगळे त्यांना साहेबच म्हणत. शाल, श्रीफळ, हार असं सगळं यथासांग झालं आणि मी माइकवर गेलो. हातातल्या कागदावर वर साहेबांचं नाव, खाली पंतांचं. मी भारदस्त आवाजात म्हणालो, ‘आता आपण सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून’, आणि नाव घेतलं ते वरचं.

सभागृहात एक क्षण काहीच झालं नाही. मग सगळे उभे राहिले. मुलांना काय, उभं राहा म्हटलं की उभी राहतात. आणि सगळ्यांच्या आधी उभे राहिले ते स्वतः साहेब. मान खाली, हात पुढे बांधलेले, गळ्यात नुकताच घातलेला झेंडूचा हार. तो हार बघून माझ्या लक्षात आलं की आपण काय बोललो. तोवर चाळीसेक सेकंद झाले होते. उरलेली एक मिनिट वीस सेकंदं मी कशी काढली हे माझं मला ठाऊक. दोन मिनिटं संपताच शेजारच्या बाईंच्या हातात माइक दिला, ‘पाण्याचं बघून येतो’ म्हणालो आणि स्टेजमागच्या टाकीआड जाऊन उभा राहिलो, तो थेट राष्ट्रगीतालाच बाहेर आलो. तिथेही सावधान उभं राहायचं होतं. पुन्हा घाम फुटला.

ह्या गोष्टीला तीस वर्षं होऊन गेली. साहेब नंतर यथावकाश गेले. शाळेची इमारत बदलली. मी निवृत्त झालो. पण आठवड्यातून दोनदा तरी पहाटे तीनला मला जाग येते आणि डोक्यात माइकचा खर्रर्र असा आवाज येतो. वारीत पालखी काटेवाडीला आली की तिथे मेंढ्यांचं रिंगण होतं. एकीमागे एक अशा शेकडो मेंढ्या पालखीभोवती धावतात. पहाटे तीनला माझ्या डोक्यात तेच चालतं, फक्त मधे पालखी नसते.

पंतांनी एकशे आठ रामायणं लिहिली असं परंपरा सांगते. एका रामायणात मंत्र गुंफला. एक तर निरोष्ठ, म्हणजे ओठाला ओठ लावायला लागेल असं अक्षर वर्ज्य. ‘म’ गेला म्हणजे ‘राम’ गेला. रामाची गोष्ट सांगायची आणि ‘राम’ म्हणायचं नाही! त्यातल्या एका रामायणाचं नाव ‘परंतु रामायण’. वर्गात हे नाव सांगितलं की मुलं हसायची. आता पहाटे तीनला मला त्या नावाची आठवण होते. कारण माझंही एक परंतु रामायण आहे. नोकरी नीट झाली, परंतु. मुलं मार्गी लागली, परंतु. पंतांनी एक गोष्ट एकशे आठ तऱ्हांनी सांगितली. मी एक गोष्ट एकाच तऱ्हेने, रोज एकदा धरली तर, दहा हजारांवर वेळा सांगितली. कवी ते झाले, मी झालो नाही, याचं कारण इथेच असावं.

निवृत्तीनंतर हे वाढलं. शाळेत असताना दर पस्तीस मिनिटांनी घंटा व्हायची. घंटा झाली की चिंतेचाही तास बदलायचा. आता एकच तास दिवसभर चालतो. त्यात नोव्हेंबर आला की पेन्शनीसाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो. ज्याने एका जिवंत माणसाला श्रद्धांजली वाहिली, त्याला दरवर्षी स्वतः जिवंत असल्याचं सहीनिशी सांगावं लागतं. नियतीला विनोदबुद्धी नाही असं कोण म्हणेल?

डॉक्टरांकडे गेलो. ईसीजी नॉर्मल, साखर नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल. ‘काही नाही सर, चिंता करू नका,’ म्हणाले. हा सल्ला ऐकून आजवर कुणाची चिंता थांबली असेल तर त्या माणसाचा सत्कार करावा. सूत्रसंचालन मी करणार नाही.

माझी थोरली बहीण इंदापूर तालुक्यात दिली आहे, निमगाव केतकीच्या अलीकडे. एसटीने बारामतीहून पिंपळी, काटेवाडी, भवानीनगर, लासुर्णे करत जायचं. अक्काची धाकटी मुलगी पुण्यात मानसशास्त्र शिकून समुपदेशन करते. घरच्या माणसाला सल्ला द्यायचा नाही असा तिच्या धंद्याचा दंडक आहे. तो ती माझ्याशी बोलताना मोडत नाही. गप्पा मारते आणि गप्पांतून काय ते साधते. एका खेपेला आम्ही दोघं अक्काच्या ओट्यावर बसलो होतो. तिने मला एक वही दिली आणि म्हणाली, ‘मामा, काल रात्री डोक्यात काय चाललं होतं ते जसंच्या तसं लिही.’ मी लिहिलं: ‘असं व्हायलाच नको होतं. मला कळायलाच हवं होतं. सगळे हसलेच असणार. मी आहेच असा.’

तिने माझ्याच खिशातलं लाल पेन काढलं आणि चार ठिकाणी गोल केला. चारही ठिकाणी ‘च’ला.

‘यात काही चूक नाही,’ मी म्हणालो. ‘च हा निपात आहे. शब्दाला बळ देण्यासाठी येतो.’

‘कुणाला बळ देतोयस, मामा?’

एकतीस वर्षं व्याकरण शिकवलं, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

मग तिने अल्बर्ट एलिसची गोष्ट सांगितली. न्यूयॉर्कचा हा मानसशास्त्रज्ञ. 1955 च्या सुमारास त्याने असं मांडायला घेतलं की माणूस घटनेने तेवढा अस्वस्थ होत नाही, जेवढा त्या घटनेबद्दलच्या स्वतःच्या हट्टाने होतो. मला जमलंच पाहिजे, लोकांनी माझ्याशी नीट वागलंच पाहिजे, परिस्थिती सोपी असलीच पाहिजे, हे ते तीन हट्ट. इंग्रजीत त्याला त्यासाठी वेगळं क्रियापद लागतं. आपल्याकडे एका अक्षरात काम होतं. आपल्या भाषेत चिंतेची केवढी सोय आहे, ह्याचा मला उगीच अभिमानही वाटला. मुंबईच्या कि. मो. फडके यांनी ह्या एलिसशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून ही विवेकनिष्ठ पद्धत आपल्याकडे रुजवली, ठाण्याच्या डॉ. आनंद नाडकर्णींनी ती व्याख्यानांतून आणि पुस्तकांतून घरोघरी नेली, आणि अंजली जोशींनी तर ‘मी अल्बर्ट एलिस’ अशी कादंबरीच लिहिली. म्हणजे माझ्या चपर्यंत मराठी माणसं कधीच पोचली होती, मीच टाकीमागे उभा होतो.

हा एलिस एकोणीस वर्षांचा असताना मुलींशी बोलायला घाबरायचा. म्हणून त्याने महिनाभर एका बागेत जाऊन बाकावर एकट्या बसलेल्या प्रत्येक बाईशी बोलायचं असं ठरवलं. तीस जणी तिथल्या तिथे उठून गेल्या, शंभर जणींशी बोलला, एक भेटायला यायला कबूल झाली आणि तीही आली नाही. पण आकाश कोसळलं नाही, आणि भीती गेली, असं तो पुढे जन्मभर सांगत राहिला. भाची हे सांगत असताना दाजी गोठ्यातून येऊन उभे होते. ते म्हणाले, ‘बारामतीत करून बघ म्हणावं. पहिल्याच दिशी कोसळलं आसतं.’

‘च’ काढायचा म्हणजे इच्छा सोडायची असं नाही, हे भाचीने दोनदा सांगितलं. ‘कार्यक्रम नीट झालाच पाहिजे’ याच्या जागी ‘नीट झाला तर फार बरं, नाही झाला तर वाईट वाटेल, परंतु’. ह्या ‘परंतु’च्या पुढे काय ते ज्याचं त्याने भरायचं. मी चमकलो. म्हणजे माझा ‘परंतु’ आजवर वाक्याच्या चुकीच्या टोकाला बसत होता. नोकरी नीट झाली, परंतु एकदा घोटाळा केला. तेच उलटून म्हटलं तर? एकदा घोटाळा केला, परंतु नोकरी नीट झाली. शब्द तेच, आणि तरी दुसरं वाक्य मला तोंडाने म्हणवेना. घशात काहीतरी अडकलं. शेवटी पाणी मागितलं.

ते का म्हणवत नव्हतं, हे दुसऱ्या दिवशी कळलं. भाचीने पुन्हा वही पुढे केली. ‘समज, तुझ्या वर्गातला एक मुलगा होता. पहिल्यांदा माइक हातात घेतला आणि त्याच्याकडून हे झालं. त्याच्या वहीवर शेरा लिही.’ मी लाल पेन घेतलं आणि हात आपोआप चालला: ‘आवाज खणखणीत. घाबरून नाव चुकले. असे होते. पुढच्या वेळी नावे मोठ्या अक्षरांत लिहून आणणे.’ तिने विचारलं, गुण? मी दहापैकी सात दिले. ‘आता तुझ्या स्वतःच्या वहीवर.’ मी बराच वेळ बसलो आणि खूप ओढाताण करून साडेतीन दिले. त्यातला अर्धा ग्रेसचा.

तोच प्रसंग, तोच तपासनीस, तेच पेन. वर्गातला मुलगा सातला पास आणि मी काठावर. हे कुठल्या बोर्डात चालतं?

अमेरिकेत क्रिस्टिन नेफ नावाच्या संशोधक बाई आहेत. त्यांनी 2003 साली माणूस स्वतःशी किती मायेने वागतो हे मोजायची प्रश्नावली केली. त्यांच्या मते ह्या मायेचे तीन पदर. चुकलं तर स्वतःला झोडपायच्या ऐवजी समजून घेणं. चुकणारे आपण एकटे नाही, हे माणसाच्या जातीलाच लागलेलं आहे हे लक्षात ठेवणं. आणि जे दुखतंय ते दडपायचंही नाही, त्याचा डोंगरही करायचा नाही, नुसतं बघायचं. ज्यांच्यात ही माया जास्त, त्यांच्यात चिंता कमी, असं पुढे पुष्कळ पाहण्यांत दिसून आलं. मी अर्थातच आक्षेप घेतला. लाडाने मुलं बिघडतात हे मी एकतीस वर्षं पालकसभेत सांगत आलो. मग स्वतःचे लाड केले तर स्वतः बिघडणार नाही का? त्यावर भाची म्हणाली, बर्कलेच्या विद्यापीठात दोघींनी हेच तपासलं, 2012 साली प्रसिद्ध झालं. शब्दांची एक अवघड परीक्षा घेतली, पोरं आपटली. काही जणांना सांगितलं, ही परीक्षा पुष्कळांना जड जाते, स्वतःला फार बोल लावू नका. दुसऱ्या परीक्षेच्या आधी हीच पोरं जास्त वेळ अभ्यास करत बसली.

हे ऐकून मला क्षणभर फार बरं वाटलं. आणि मग वाटलं, म्हणजे मी एकतीस वर्षं मुलांना उगीच झापलं. त्या रात्री नवं रामायण सुरू झालं. जित्याची खोड ती.

अक्काचं रान नीरा डाव्या कालव्याच्या टेलला आहे. हा कालवा वीरहून निघतो, इंग्रजांच्या काळातला, बारामतीचा ऊस भिजवत इंदापुरात शिरतो आणि शिरता शिरता दमतो. मुखाशी पाणी असतं, टेलला आशा असते. सात नंबरचा फॉर्म भरायचा, पाटकऱ्याच्या मागे हिंडायचं आणि आवर्तन सुटलं की आपली पाळी कधी याची वाट बघायची. पाळी हटकून रात्री दोनला येते. मी तिथे होतो तेव्हा अशीच एक पाळी होती. दाजी बॅटरी, खोरं आणि कांबळं घेऊन ओट्यावर पडले होते. मी पहाटे तीनच्या सरावाने जागा होतो.

‘येईल का हो दाजी पाणी?’ मी विचारलं.

‘पाव्हणं, आमी टेलची मानसं,’ दाजी कुशीवर वळत म्हणाले. ‘पानी यील म्हनायचं. यीलच म्हनायचं न्हाई.’

मी अंधारात उठून बसलो. एलिसने त्यासाठी न्यूयॉर्क पालथं घातलं होतं आणि दाजी खोऱ्याच्या दांड्यावर डोकं टेकवून बोलून गेले. पाणी त्या रात्री आलं नाही. दाजी पाचला उठले, शेततळ्यावरची मोटर चालू केली, मकवणाला तेवढं दिलं आणि उसाला म्हणाले, थांब जरा. त्यांचे नेहमी असे दोन-दोन बेत असतात. पूर्वी त्यांची डाळिंबाची बाग होती. भगवा. तेल्या आला, एका हंगामात फळांवर काळे डाग पडून ती तडकली. दाजी आठ दिवस नीट जेवले नाहीत, हे अक्काने सांगितलं. नवव्या दिवशी बाग काढली आणि पुढच्या वर्षी तिथे पेरू लावला. ‘दुसऱ्याच्या बांधावर बी तसंच झालं व्हतं,’ एवढंच ते म्हणतात. नेफबाईंचा दुसरा पदर.

पण म्हणून दाजींना ऋषी ठरवायचं काही कारण नाही. पाण्याच्या आणि बागेच्या बाबतीत इतका लवचीक माणूस, पण चहा चारलाच पाहिजे, बशीसकटच पाहिजे, आणि लग्नात आहेर नावाने पुकारलाच पाहिजे. पुतण्याच्या लग्नात कुणीतरी त्यांचं नाव पुकारायचं विसरलं, त्याला आता अकरा वर्षं झाली. त्या घरी अजून चहा पीत नाहीत. च कुठेही लपून बसतो. माझा माइकमध्ये, त्यांचा आहेरात.

ही सगळी हलक्या चिंतेची गोष्ट झाली. छाती धडधडते, हाताला कापरं भरतं, माणूस घराबाहेर पडेनासा होतो, दिवसचे दिवस झोप नाही, अशी वेळ आली तर मामाची वही पुरत नाही. तिथे मानसोपचारतज्ज्ञच गाठावा. त्यासाठी टेलीमानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं, हेही भाचीने सांगितलं. दाजींनी तो नंबर गोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवला आहे, पशुवैद्यांच्या नंबराखाली.

2024 चा उन्हाळा. उजनी धरणातलं पाणी वापरायच्या साठ्याच्याही खाली उतरलं, म्हणजे उजनी मायनसमध्ये गेली होती. बाहेरगावच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं. आमच्याकडे मे महिन्यात दोन माणसं भेटली की ‘किती मायनस?’ म्हणून चौकशी करतात. त्या वर्षी मायनस पन्नासच्याही खाली गेली आणि पळसदेवचं जुनं मंदिर पूर्ण उघडं पडलं. भीमेवरचं हे धरण 1980 साली पुरं झालं, गावं पाण्याखाली गेली, पळसदेव वर हलवलं आणि जुनं देऊळ खाली राहिलं. पाणी उतरलं की ते वर येतं. भाचीने गाडी काढली, अक्का, दाजी, मी असे सगळे गेलो.

भेगाळलेल्या गाळावर जत्रा भरली होती. काकड्या, उसाचा रस, फुगे. माणसं शिखराला टेकून फोटो काढत होती. अक्काने हार वाहिला. दाजींनी चिखलातला एक शिंपला उचलून खिशात टाकला. लांब पाण्याच्या कडेला पांढरे-गुलाबी रोहित पक्षी चोची बुडवून मजेत चरत होते. पाणी उथळ झालं की त्यांची पंगत बसते. आपला दुष्काळ ही कुणाची तरी सुगी असते, असं एक वाक्य मला सुचलं, पण मी ते कुणाला ऐकवलं नाही. निवृत्त मास्तरांनी सुचलेली सगळी वाक्यं बोलायची नसतात.

मी देवळाकडे बघत होतो. चाळीस-पंचेचाळीस वर्षं पाण्याखाली राहूनही दगडी खांब जागच्या जागी. म्हटलं, हे आपलं 1994 आहे. वरून पाणीच पाणी, पण उन्हाळा लागला की सगळं कोरीव काम जसंच्या तसं.

मी हे भाचीला बोलून दाखवलं. तिने काकडीचा तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला. ‘येतंय वर तर येऊ दे की मामा. इथे एवढी माणसं आलीत, कुणी त्याला परत बुडवायला धावतंय का? बघतात, फोटो काढतात, काकडी खातात, घरी जातात.’

परतताना दाजींनी उजनीचा हिशोब सांगितला. धरणात सगळं मिळून 117 टीएमसी पाणी मावतं. त्यातलं 53 च्या आसपास वापरायचं आणि 63 मृतसाठा. म्हणजे शून्य टक्के झालं तरी तळाशी 63 टीएमसी असतंच, अर्ध्याहून जास्त. मी म्हटलं, मग त्याला शून्य का म्हणतात? दाजी म्हणाले, ‘कालव्याला जातंय तितलंच त्यास्नी पानी वाटतंय. खालचं मोजत न्हाईत.’

मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. पहाटे तीनला मी जो हिशोब करतो त्यातलं शून्यही असंच कुठेतरी वरच्या बाजूला आखलेलं असणार. खाली अक्का, दाजी, भाची, एकतीस वर्षांची पोरं, कऱ्हेकाठच्या संध्याकाळी, वर्गात साधलेले पाच-पन्नास तास. हे मी मोजत नाही, कारण ते कालव्याला जात नाही. मग लगेच वाटलं, उपमा ओढून ताणून होतेय. आणि मग वाटलं, होऊ दे.

त्या पावसाळ्यात मी ‘केकावली’ पुन्हा काढली. केका म्हणजे मोराचं ओरडणं. मोरोपंतांनी आपल्या नावावरून देवाला मारलेल्या ह्या हाका, पृथ्वी वृत्तातल्या. वर्गात मी तिच्यातलं अनुप्रास-यमक शिकवायचो. आता वाचताना निराळंच दिसलं. पंत स्वतःला पतित म्हणतात, अपराधी म्हणतात, त्यात काही हातचं राखत नाहीत. आणि लगेच उलट बाजूने उठून स्वतःची वकिली करतात. देवा, तुझं ब्रीद पतितांना तारायचं, मग मला टाळून कसं चालेल, अशा थाटात. हट्ट, लाडीगोडी, युक्तिवाद, चिमटे. आरोपीचा वकील असावा तर असा. माझ्या कोर्टात तीस वर्षं सरकारी वकील बोलतोय, समोरची खुर्ची रिकामी. न्यायाधीशही तोच, पट्टेवालाही तोच.

त्यानंतर मी जरा बरा आहे. पहाटे तीनला जाग येतेच. (हा च राहू दे, तो खरा आहे.) पण माइकचा खर्रर्र आवाज आला की मी म्हणतो, ‘आवाज खणखणीत’, आणि कूस बदलतो. कधी झोप लागते, कधी नाही.

गेल्या तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्याच मुहूर्ताला इंदापूरला एक लग्न होतं. मंगल कार्यालयात पंगतीला माझ्या शेजारी पांढरी टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ बसले होते. बोलता बोलता निघालं की ते त्या साहेबांकडे बरीच वर्षं कामाला होते. माझा घास हातातच राहिला.

‘आमचे साहेब म्हणजे राजा माणूस,’ म्हातारबुवा म्हणाले. ‘तुम्हाला सांगतो, त्यांना जित्तेपणी श्रद्धांजली वाहिली होती. बारामतीला, एका शाळेत. साहेब उभे राहिले की! आणि मग भाषणाला उठून म्हणाले, हा मान लोकांना मेल्यावर मिळतो, मला हार-श्रीफळासकट मिळाला. आणि दोन मिनिटं कान देऊन ऐकलं, कुणी वाईट बोललं नाही. असं हसले लोक! मेल्याची आवई उठली की आयुष्य वाढतं म्हणतात ना? चौदा वर्षं जगले त्यानंतर. दर दिवाळीला, आल्यागेल्याला सांगायचे ही गोष्ट.’

म्हणजे भाषणात साहेब हे बोलले होते. मी ते ऐकलं नव्हतं, कारण मी टाकीमागे होतो.

‘आणि,’ मी घसा खाकरून विचारलं, ‘सूत्रसंचालन कुणाचं होतं, काही आठवतं?’

‘कुणी बाई होत्या,’ म्हातारबुवा जिलेबी मोडत म्हणाले. ‘भूगोलाच्या. फार घाबरट होत्या म्हणे बिचाऱ्या. साहेब म्हणायचे, देव त्या बाईंचं भलं करो.’

भूगोलाच्या बाई! ज्यांच्या हातात मी माइक दिला त्या. तीस वर्षं मी रात्री जागून काढल्या आणि साहेबांचा आशीर्वाद गेला भूगोलाला.

‘बाई नव्हत्या हो,’ मी म्हणालो. आवाज जरा चढलाच असावा, कारण वाढपी थांबला. ‘मराठीचे सर होते. मी होतो. मीच!’

म्हातारबुवांनी माझ्याकडे वळून नीट बघितलं. मग वाढप्याला खूण केली, माझ्या पानात आणखी एक जिलेबी पडली, आणि ते माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, ‘असू द्या सर. वय झालं की वाटतं तसं.’